चुकलेल्या बॉलची वही

सोमवार

पाऊस लागला की गोव्यातलं स्नूकरचं टेबल जड होतं. पणजी असो, मडगाव असो की फोंडा, ज्या हॉलमध्ये एसी फक्त गिऱ्हाईक असतानाच चालतो तिथलं कापड रात्रभर हवेतली ओल पितं. एप्रिलमध्ये ज्या ताकदीने पांढरा (क्यूने मारायचा बॉल) वरच्या, म्हणजे ब्लॅककडच्या कुशनला लागून बॉल्कच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाच्या कुशनपर्यंत परत यायचा, त्याच ताकदीने तो आता बॉल्क लाइनच्याही (त्या टोकाजवळच्या आडव्या रेषेच्याही) बराच अलीकडे थांबतो. कुशनवरून निघणारा कोनही ओळखीचा राहत नाही. पहिल्या दोन फ्रेममध्ये (डावांमध्ये) पोझिशन, म्हणजे पुढच्या शॉटसाठी पांढऱ्याची जागा, हुकत गेली की खेळणारा मनात म्हणतो, आपला हातच गेला. मग तो क्यू आवळून धरतो, जोर लावतो आणि पॉटही (बॉल पॉकेटमध्ये पाडणंही) घालवून बसतो. हात कुठेही गेलेला नसतो, टेबलाचा वेग तेवढा बदललेला असतो.

म्हणून फ्रेमआधी दहा मिनिटं वेग मोजायला द्यावीत. पांढरा बॉल्क लाइनवर ठेवायचा, वरच्या कुशनवर मारायचा आणि परत येऊन तो बॉल्क लाइनवरच थांबला पाहिजे. तो लाइनवर थांबायला लागला की पुढची पायरी: बॉल्कच्या कुशनला टेकून थांबायला हवा. आठ-दहा वेळा मारलं की हाताला त्या दिवसाचं टेबल कळतं. याला सराव म्हणून कुणी मोजत नाही, पण पावसाळ्यात सगळ्यात जास्त पोझिशन इथेच वाचते.

मार्करला (क्लबातलं टेबल सांभाळणाऱ्याला) विचारून टेबल ब्रश झालंय का तेही बघावं. कापडाची लव बॉल्ककडून ब्लॅककडे झोपलेली असते, त्यामुळे ब्रश आणि इस्त्री दोन्ही त्याच दिशेने, सरळ पट्ट्यांत. उलट ब्रश फिरवला तर लव उभी राहते आणि हळू सोडलेला बॉल भरकटतो. इस्त्री कोमट हवी आणि हात मध्येच थांबता कामा नये. हे काम मनापासून करणारा मार्कर ज्या क्लबला आहे त्याने त्याला जपावं, एवढं माझं प्रामाणिक मत.

तसा पाऊस आणि हा खेळ यांचं नातं जुनंच. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, पावसाळ्यात बाहेर काही करता येईना तेव्हा, नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने स्नूकर जुळवला असं सांगतात.

मंगळवार

आजचा विषय वही. हौशी खेळाडू वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी अडकतो याचं मोठं कारण म्हणजे चुकलेल्या बॉलची त्याच्याकडे नोंदच नसते. असतं ते फक्त वाईट वाटणं, आणि वाईट वाटण्याची दुरुस्ती करता येत नाही.

वहीत चार रकाने पुरतात: नजर, हात, निवड, टेबल. बॉल चुकला की फ्रेम संपल्यावर एका रकान्यात एक रेघ. नजर म्हणजे पॉटचा कोनच चुकीचा वाचला. हात म्हणजे कोन बरोबर होता, क्यू वाकडा गेला. निवड म्हणजे तो शॉट घ्यायलाच नको होता. टेबल म्हणजे किक (बॉल एकमेकांना लागताना होणारी विचित्र उसळी), ओल, लव. चौथा रकाना फुगायला लागला की समजावं, वही प्रामाणिक राहिलेली नाही.

नजर आणि हात यांत फरक कसा करायचा? बॉल पॉकेटच्या कुठल्या जबड्याला लागला ते बघायचं. उजवीकडे कट (तिरका पॉट) असो की डावीकडे, दोन्ही वेळा बॉल जाडच लागत असेल, म्हणजे हवा तेवढा कट होत नसेल, तर दोष नजरेचा. हौशी खेळात हे सर्रास दिसतं, लांबच्या कटवर तर फारच. पण उजवीकडचे कट पातळ आणि डावीकडचे जाड असं होत असेल, तर पांढराच दर वेळी ठरल्या रेषेच्या डावीकडे जातोय. म्हणजे क्यू सरळ न जाता डावीकडे ओढला जातोय. उलट चित्र दिसलं तर क्यू उजवीकडे जातोय. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून दोन संध्याकाळी रेघा मारल्या तरी कशावर काम करायचं ते समोर येतं.

नजरेसाठी तीन कोन पाठ असावेत. पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर धरला की हाफ बॉल, आणि समोरचा बॉल ३० अंशांत निघतो. थ्री-क्वार्टरला सुमारे साडेचौदा अंश, क्वार्टरला ४८ च्या थोडं वर. हाफ बॉल सगळ्यात भरवशाचा, कारण नेम धरायला खरीखुरी कड डोळ्यांसमोर असते. ब्लू स्पॉटवर (त्याच्या ठरलेल्या जागी) ठेवून हा एकच कोन दोन्ही बाजूंनी मारत राहावा. बाकीचे कोन डोळा त्याच्याशी ताडून ओळखायला लागतो.

बुधवार

हाताची परीक्षा घेणारा याहून चांगला सराव मला माहीत नाही. पांढरा ब्राउनच्या स्पॉटवर ठेवायचा. समोर ब्लू, पिंक, ब्लॅक यांचे स्पॉट एका रेषेत असतात, टेबलावर बाकी काही नको. पांढरा मध्यभागी, मध्यम जोराने मारायचा. तो तिन्ही स्पॉटवरून जाऊन वरच्या कुशनला लागून त्याच रेषेने परत यायला हवा आणि क्यू तिथेच असेल तर टिपला (क्यूच्या टोकाला) येऊन टेकायला हवा.

आता नीट बघायचं. जातानाच पांढरा ब्लू स्पॉटच्या बाजूने गेला, तर उभं राहणं किंवा क्यूची रेषा चुकली. सरळ गेला पण कुशनवरून परत येताना उजवीकडे फुटला, तर टिप मध्याच्या उजवीकडे लागली आणि नकळत उजवा साइड (बाजूची फिरकी) बसला. डावीकडे फुटला तर डावा. दोनतीन मिलिमीटरचा फरकसुद्धा टेबलाची लांबी मोठा करून दाखवते. खेळायची जागा ११ फूट साडेआठ इंच लांब आहे, लपवायला कुठे वाव नाही.

दोष सापडला की हात बदलायच्या आधी पाय बघावेत. बॉलच्या मागे सरळ उभं राहून रेषा धरायची आणि (उजव्या हाताने खेळणाऱ्याने) उजवा पाय त्या रेषेवर टाकायचा. डावा पाय साधारण खांद्याएवढा बाजूला आणि किंचित पुढे, डावा गुडघा सैल, उजवा पाय ताठ. मग खाली वाकायचं, हनुवटी क्यूला टेकलेली. बरेच जण आधी वाकतात आणि मग खालूनच रेषा शोधत सरकतात, तिथेच घोटाळा होतो. ब्रिजचा (क्यूला पुढून आधार देणारा) हात पांढऱ्यापासून आठ ते बारा इंचांवर. मागच्या हाताची पकड इतकी सैल की क्यू वजनाने बोटांत टेकलेला राहील. क्यू मागे नेल्यावर अर्धा क्षण थांबायचं, नजर समोरच्या बॉलवर न्यायची आणि मगच सोडायचा. मारताना मूठ आवळली की क्यूचं शेपूट उसळतं, टिप खाली जाते. मारून झाल्यावर बॉल पॉकेटमध्ये पडेपर्यंत डोकं वर नको.

साइड इतक्यात नको. साइड लावला की पांढरा आधी विरुद्ध बाजूला ढकलला जातो आणि मग वळतो. हळू शॉटमध्ये लवेच्या उलट, म्हणजे बॉल्कच्या दिशेने खेळताना, ते वळणही उलटं पडतं. मधला फटका बसत नाही तोवर साइड शिकणं म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक चढवणं.

गुरुवार

क्यूकडे बघायचा दिवस. खारी हवा, घाम आणि ओल, तिन्ही मिळून क्यूची दशा करतात. शाफ्ट चिकट झाला तर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने एकदा पुसून लगेच कोरड्या फडक्याने घासावा. पावडर टाळावी, ती कापडावर सांडते. पितळी जॉइंट हिरवा पडायला लागतो, तोही कोरडा ठेवावा. क्यू भिंतीला टेकवून महिनोन्‌महिने उभा ठेवला की वाकतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये.

टिप नाण्याच्या कडेसारखी गोलाईदार आणि खरखरीत हवी. चकचकीत झालेली टिप चॉक धरत नाही आणि ऐन वेळी सटकते. ओलसर चॉकची पापडी धरते, म्हणून पावसाळ्यात चॉक खिशात न ठेवता डब्यात ठेवावा. टिप बदलताना जुनी कापून फेरूलचा (टिपखालच्या धातूच्या कड्याचा) माथा सपाट घासायचा. नव्या टिपचा तळ सँडपेपरवर खरखरीत करायचा. गोंदाचा पातळ थर देऊन टिप मध्यावर दाबायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मग क्यू उलटा धरून टिप फळीवर टेकवायची आणि कडेचं जास्तीचं चामडं पात्याने उतरवायचं. नवी टिप थोडी खेळून बसावी लागते, तेव्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नये.

शुक्रवार

निवडीचा रकाना. मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मन ढासळतं ते इथून. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं आपल्याकडे फार. लांबचा रेड दिसला की मारायचाच, मग तो चुकून पांढरा उघड्यावर का पडेना. शॉटआधी दोन प्रश्न विचारावेत: पडला तर पुढे काय मिळेल आणि नाही पडला तर समोरच्याला काय मिळेल. दुसऱ्याचं उत्तर वाईट असेल तर सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपं काही न ठेवणारा शॉट. रेडला पातळ लागून पांढरा बॉल्कच्या कुशनशी नेऊन ठेवला, की तो शॉट पॉटइतकाच कमाईचा. वहीत तोही नोंदवावा, नाहीतर वही फक्त अपयशांची यादी होते आणि ती उघडावीशी वाटत नाही.

हार मानण्याआधी बेरीज करावी. रेड सोडून सगळे रंग मिळून २७. एक रेड असेल तर (रेडचा एक आणि त्यानंतरच्या ब्लॅकचे सात धरून) ३५, दोन असतील तर ४३, चार असतील तर ५९. तीस पॉइंटांनी मागे आणि टेबलावर दोन रेड, तर फ्रेम जिवंत आहे. शिवाय समोरच्याला स्नूकरमध्ये घातलं (त्याच्या बॉलची थेट वाट अडवली) तर प्रत्येक फाउलचे किमान चार मिळतात, ब्लॅक गुंतला तर सात. धीर धरायचा असेल तर तो या बेरजेवर धरावा. नुसतं ‘जमेल, जमेल’ म्हणण्याला टेबलावर काही आधार नसतो.

१९८५ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०-८ असा मागे होता. सामना १८-१७ ने त्याने जिंकला, तोही शेवटच्या फ्रेममधल्या शेवटच्या ब्लॅकवर. १९९२ साली स्टीफन हेंड्री जिमी व्हाइटविरुद्ध ८-१४ वरून सलग दहा फ्रेम घेऊन १८-१४ ने जिंकला. दहा फ्रेम एका फटक्यात मिळत नाहीत. समोर असलेली एक फ्रेम नीट खेळायची, मग पुढची.

खुर्चीत बसलेला वेळही खेळाचाच. समोरचा ब्रेक करतोय (सलग पॉइंट घेतोय) आणि आपण चुकलेला पिंक मनात घोळवतोय, तर उठल्यावर पहिला शॉट घाईतच जातो. त्यापेक्षा बसल्या जागी टेबल वाचावं: कुठले रेड कुशनला चिकटलेत, ब्लॅक कुठल्या पॉकेटमध्ये जातो, पांढरा सुटला तर आपला पहिला शॉट कुठला. टिप पुसून चॉक लावावा, एक श्वास पूर्ण सोडावा. चूक कुठल्या रकान्यातली हे मनात ठरवलं की ती तिथे राहते. तिचा पुढचा हिशोब फ्रेम संपल्यावर.

शनिवार

ब्रेक वाढवायचा सराव. पूर्ण लाइन-अप, म्हणजे ब्लूपासून ब्लॅकच्या मागेपर्यंत पंधराही रेड सरळ रेषेत, हौशी खेळाडूने पहिल्याच दिवशी मांडू नये. चौथ्या-पाचव्या बॉलला डाव मोडतो आणि हिरमोड होतो. पिंक आणि ब्लॅक यांच्यामध्ये तीन रेड ठेवावेत, रंग आपापल्या स्पॉटवर. रेड, ब्लॅक, रेड, ब्लॅक, रेड, ब्लॅक: २४ पॉइंट. पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवून सुरुवात. दहा प्रयत्नांपैकी किती पूर्ण झाले ते लिहायचं. सहा-सात व्हायला लागले की चौथा रेड.

इथे चुकतं ते बहुधा एकाच कारणाने. रेड पाडताना पांढरा ब्लॅकच्या अगदी सरळ रेषेत येतो, ब्लॅक पडतो आणि पुढे जायला वाटच राहत नाही. ब्लॅकवर थोडा कोन ठेवून यायचं, म्हणजे स्टनने (लागताना पांढरा फिरत नसलेल्या फटक्याने) पांढरा बाजूला सरकतो आणि पुढचा रेड उघडतो. सरळ पॉट सोपा दिसतो म्हणून मन तिकडे ओढ घेतं. त्याला आवर घालायची सवय या तीन रेडवरच लागते.

शेवटची पंधरा मिनिटं रेस्टसाठी (हात पोचत नाही तेव्हा क्यू टेकवायच्या काठीसाठी). रेस्टचा सराव कुणी करत नाही आणि मग ब्लूच्या पलीकडचा सोपा रेड जातो. रेस्टचं डोकं पांढऱ्यापासून वीतभर मागे, दांडा टेबलावर टेकलेला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरलेला. क्यूचं शेपूट बोटांच्या टोकांत, कोपर बाजूला उचललेलं, हालचाल छोटी. जोर नको, स्क्रू (उलटी फिरकी) तर नकोच. मधल्या पॉकेटमध्ये दहा सोपे बॉल, मग वरच्या पॉकेटमध्ये दहा, आणि किती पडले ते वहीत.