दम

चर्चच्या मधोमध उभी राहून मी एक टाळी वाजवली आणि मनात आकडे मोजायला लागले. पाच म्हणून झाले तरी तो आवाज वरच्या कमानींत घुटमळत होता. सात वाजायला वीस मिनिटं होती आणि साडेसातला आमचा कार्यक्रम होता. माझ्यामागे दादरच्या आमच्या गाण्याच्या क्लासची बारा मुलं, दोन तानपुरे, तीन तबल्याच्या जोड्या आणि एक पेटी. आठ महिने घोटून बसवलेला कार्यक्रम इथे जसाच्या तसा होणार नाही, हे त्या एका टाळीनं मला सांगितलं.

मे महिन्यातला शनिवार होता. गाव चेकमधलं, प्रागच्या पुढे तासाभरावर. दुपारी बाराला लाइपझिगहून निघालो होतो आणि चारपर्यंत पोहोचून दोन तास हॉलचा अंदाज घ्यायचा, असं ठरलेलं. ड्रेस्डेनच्या आसपास वाहतूक अडकली आणि गाव चाळीस किलोमीटरवर असताना ड्रायव्हरनं शांतपणे बस पेट्रोल पंपावर घेतली. युरोपात सलग साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबणं सक्तीचं आहे. गाडीतल्या टॅकोग्राफवर मिनिटामिनिटाची नोंद होते. ही विश्रांती आधी 15 आणि मग 30 मिनिटं अशी तोडूनही घेता येते. पण वाटेत चहाला थांबलो तेव्हा मीच मुलांना घाई करून दहा मिनिटांत बसमध्ये चढवलं होतं. दहा मिनिटांचा थांबा हिशेबात धरत नाहीत. त्या माणसाच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कारण मागे बारा घरांची लेकरं बसली होती. पण ती 45 मिनिटं फार लांब वाटली.

तर त्या टाळीकडे येते. मुंबईत आमची मुलं वाढली ती माइकवर. शाळेचा हॉल, गणपतीचा मांडव, गाळ्यातला क्लास, वर गरगरणारे पंखे. तिथे आवाज तोंडातून निघाला की संपतो, म्हणून तो सतत भरत राहावा लागतो. इथे दगडी भिंती, दगडी जमीन आणि उंच छत. मैफलीच्या चांगल्या सभागृहात आवाज विरायला साधारण दोन सेकंद लागतात, इथे पाचाच्या वर लागत होते. माणसं येऊन बसली की थोडे कमी होतील, एवढाच दिलासा.

सगळ्यात मोठी अडचण तबल्याच्या मुलाची होती. वय सतरा, राहायला परळला. कार्यक्रमात बारा मिनिटं त्याची एकट्याची, सोळा मात्रांच्या तीनतालात, शेवटी रेला, म्हणजे जलद बोलांचा सलग ओघ. त्यानं जोडी लावून घेतली (तिकडच्या कोरड्या हवेत तबला चढतो, जूनमध्ये आपल्याकडे उतरतो त्याच्या उलट) आणि रेला सुरू केला. दुसऱ्या आवर्तनात थांबला. पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा नुसता एकसलग गोंगाट. हिशेब सोपा आहे. मिनिटाला 200 मात्रांची लय आणि मात्रेत चार बोल, म्हणजे सेकंदाला तेरा. पाच सेकंद आवाज रेंगाळणार असेल तर साठाहून जास्त बोल एकमेकांच्या अंगावर पडतात. त्याचा एकही बोल चुकला नव्हता आणि एकही कळत नव्हता.

"बाई, माझं काढून टाका," तो म्हणाला. डोळे भरले होते. आठ महिने रोज पहाटे कॉलेजच्या आधी बसणारा मुलगा. मला त्याच्याकडे बघवेना.

मला आदल्या संध्याकाळची आठवण झाली. शुक्रवारी सहाला लाइपझिगच्या थॉमसकिर्शमध्ये आम्ही सगळे मोटेट, म्हणजे चर्चमधलं समूहगान, ऐकायला गेलो होतो. तिथला मुलांचा गायकवृंद 1212 सालापासूनचा. संगीतकार बाख 1723 पासून 1750 साली मरेपर्यंत तिथेच कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, होते आणि आज त्यांची समाधीही त्याच चर्चमध्ये आहे. गाणारी मुलं आमच्याच मुलांच्या वयाची, शाळेत शिकणारी, वसतिगृहात राहणारी. आवाज पाठीमागच्या सज्ज्यातून यायचा. एक ओळ संपली की पुढची लगेच सुरू होत नव्हती. चर्च ती ओळ म्हणून संपवेपर्यंत सगळे थांबायचे. आमची धाकटी माझ्या कानाशी पुटपुटली होती, "बाई, ते भिंतीला पण गाऊ देतात."

मी मुलाला एवढंच म्हटलं, "अरे, काल ते थांबत होते ना, तसं तुझ्याकडे काय आहे?"

तो पायरीवर बसून बोटांवर मोजायला लागला. मी बाकीच्या कामाला लागले. माइक बंद. टाळ पिशवीतच ठेवा, अभंगाला फक्त हातांच्या टाळ्या, त्याही हलक्या. पेटीचा भाता अर्धा. ताना निम्म्या. मुलींनी एकदाही का म्हणून विचारलं नाही, कारण तोवर तानपुरे लावून झाले होते आणि त्या ऐकत उभ्या होत्या. मिरजेहून आणलेले हे दोन तानपुरे क्लासमध्ये रोज लागतात, पण खर्जाच्या तारेतून आपसूक उठणारा स्वयंभू गंधार मी त्यांना दरवेळी "आहे बघा, ऐका" म्हणून सांगत आले. इथे सांगावं लागलं नाही. गंधार छतातून खाली उतरत होता.

रागांचा प्रश्न मुंबईतच सोडवला होता, तो इथे कामी आला. मेमध्ये दादरला सातच्या पुढेमागे सूर्य मावळतो. तिकडे पावणेनऊच्या सुमारास. साडेसातला थेट यमन, म्हणजे सूर्यास्तानंतरचा राग, गायला बसलो असतो तर खिडक्यांतून चक्क ऊन आलं असतं. मी सूर्याकडे बघायचं ठरवलं होतं. म्हणून आधी मावळतीच्या पूरियाधनाश्रीचा विलंबित ख्याल, मग तबला, उजेड गेल्यावर यमन आणि शेवटी अभंग. पूरियाधनाश्रीतला कोमल रिषभ त्या दगडांत असा टिकला, की आमच्या मोठीनं त्यावर दुसरा स्वर घ्यायला कितीतरी वेळ लावला. एरवी तिला मी घाई नको म्हणून वर्षभर ओरडत असते.

मग तबल्याच्या मुलाची पाळी आली. दीडशेएक माणसं असतील, बहुतेक गावातली म्हातारी. त्यानं ठाय, म्हणजे संथ लय धरली, सेकंदाला जेमतेम एक मात्रा. सुरुवातीचा पेशकार वाजवला, एक कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, वाजवला, त्याचे पलटे, म्हणजे बोल फिरवून केलेले प्रकार, मोजकेच. प्रत्येक "धा"नंतर डग्ग्याची घुमक सगळ्या चर्चभर फिरून यायची. आणि शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं.

तिहाई दमदार आणि बेदम अशा दोन्ही वाजतात. बेदम तिहाईत तीन तुकडे लागून येतात, दमदार तिहाईत मध्ये दम असतो, श्वासाएवढी शांतता. मुलं शिकताना हा दम नेहमी खातात, मोजायचं सोडून पुढच्या तुकड्यावर धावतात. त्यानं पायरीवर बसून जी तिहाई बांधली होती ती समेवरून उठणारी: तीन मात्रांचा तुकडा, चार मात्रांचा दम, पुन्हा तीन, पुन्हा चार, पुन्हा तीन. एकूण सतरा, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. तुकड्याच्या शेवटी "धा" पडला आणि त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. चार मात्रा. आवाज वर गेला, फिरला, पातळ झाला. मी श्वास धरला होता. तो विरतो न विरतो तोच दुसरा तुकडा. पुन्हा हात मांडीवर. तिसऱ्यांदा "धा" समेवर आला तेव्हाही त्यानं मान खाली ठेवली आणि तो "धा" पुरता संपेपर्यंत कुणीही टाळी वाजवली नाही. तीस वर्षं गाणं शिकवते आहे. एवढी शांतता मी कुठल्याच मैफलीत ऐकली नव्हती.

उजेड गेला, यमन झाला, अभंग झाला. जेवायला आमच्याबरोबरच्या काकूंनी केलेला मेतकूट-भात. ड्रायव्हरच्या रोजच्या विश्रांतीच्या नियमामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघायचं होतं, त्यामुळे मुलं निवांत होती.

रात्री तबल्याच्या मुलानं मोबाइलवर केलेलं ध्वनिमुद्रण घरी पाठवलं. मोबाइलमध्ये ती घुमक आलीच नव्हती. फक्त बोल आणि मधली मोकळी जागा. परळहून आईचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण ती ऐकल्याशिवाय झोपली नव्हती. आवाज स्पीकरवर होता.

"छान झालं रे. पण शेवटी मध्येच दोनदा थांबलास, विसरलास का?"

"नाही गं," तो म्हणाला. "तेव्हा वाजतच होतं."