'क्वाइट गुड' म्हणजे नेमकं किती गुड?

इथे ब्रिटनमध्ये लेकीच्या शाळेत पेरेंट्स ईव्हनिंग होती. सेकंडरीत गेल्यापासून तीही सोबत येऊन बसते. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांसमोर पाच-पाच मिनिटं, वेळ संपली की पुढचं टेबल. इतिहासाच्या बाईंनी वही उघडली, छान हसल्या आणि निबंध 'क्वाइट गुड' आहे म्हणाल्या. बाहेर पडताना नवरा खुशीत आणि लेकीचं तोंड एवढंसं.

"अगं, चांगलं म्हणाल्या की त्या!"

"बाबा, क्वाइट गुड म्हणाल्या. नुसतं गुड म्हणाल्या असत्या तर चाललं असतं."

ज्यांनी आपल्यासारखं व्याकरणाच्या पुस्तकातून इंग्रजी गिरवलंय, त्यांना हे पचणं कठीण आहे. आपल्या डोक्यात क्वाइट म्हणजे 'बराच', 'अगदी'. चांगल्याच्या आधी लागला की चांगलं वाढलं पाहिजे. ब्रिटनमध्ये ते घटतं.

इथला हिशेब असा आहे. ज्या गुणात कमी-जास्त होऊ शकतं, म्हणजे चांगलं, थंड, अवघड वगैरे, त्याच्या आधी क्वाइट आला की तो त्याला जरा खाली ओढतो. ज्यात कमी-जास्त व्हायची सोयच नाही, तिथे मात्र तोच शब्द 'पूर्णपणे' होऊन बसतो. म्हणून 'क्वाइट डिफिकल्ट' म्हणजे तसं अवघड, पण जमेल. आणि 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य, नादाला लागू नका. 'फ्यू' म्हणजे थोडे, पण 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चांगले पुष्कळ. यात कुठलं तर्कशास्त्र शोधायचं ते ज्याचं त्याने शोधावं.

एवढ्यावर भागत नाही. जोर कुठल्या शब्दावर पडला हेही ऐकावं लागतं. जोर 'गुड'वर असेल तर कौतुक बऱ्यापैकी मनापासूनचं. तो 'क्वाइट'वर पडला आणि शेवटी सूर किंचित वर गेला, की पुढचा 'पण' न उच्चारताच ऐकू येतो. लेकीने तो बरोबर ऐकला. तिला हे कुठल्या तासाला कुणी शिकवलेलं नाही. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना काय काय म्हणतात, त्यातून ते तिच्या कानात उतरलंय. आमच्या कानांचं आता काय व्हायचं ते होवो.

आणि ईमेलमध्ये तर सूरच नसतो. आमच्या टीममध्ये एक अमेरिकन आहे. त्यांच्याकडे क्वाइट अजून वाढवणाराच आहे, 'क्वाइट गुड' म्हणजे छानच. साहेबांनी त्याच्या प्रस्तावावर 'क्वाइट इंटरेस्टिंग' एवढंच लिहून पाठवलं. गडी दुपारभर शीळ घालत होता. शेजारच्या टेबलावरच्या इंग्लिश सहकारीण बाई माझ्याकडे बघून भुवया उंचावत होत्या, पण त्याला सांगायला काही गेल्या नाहीत. मीही गेले नाही. नव्या माणसाने मध्ये कशाला पडायचं?

मला राग येतो तो याचाच. मोघम बोलायचं, आणि समोरच्याला कळलं नाही तर तो त्याचा अडाणीपणा! क्वाइटचा सख्खा भाऊ म्हणजे 'अ बिट'. कोरियन युद्धात, एप्रिल 1951 मध्ये, इमजिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी सैन्याचा मोठा हल्ला झाला. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी आपल्या अमेरिकन वरिष्ठाला कळवलं, की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. म्हणजे जरा चिकट. इंग्रज कानाला यातून 'आम्ही मेलो' ऐकू आलं असतं. अमेरिकन कानाला ऐकू आलं, की कठीण आहे पण निभावतंय. असं सांगतात, की त्यामुळे वेळेवर माघारीचा हुकूमही आला नाही आणि मदतही नाही. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक बटालियन तिथे वेढली गेली आणि तिचे शेकडो सैनिक कैदी झाले. एवढं होऊनही हा किस्सा इथे काहीशा अभिमानानेच सांगतात, याचं मला नवल वाटतं.

आपल्याकडे असं नसतं म्हणावं, तर 'बरा' आडवा येतो. 'मुलगा बरा गातो' असं एखाद्या जाणत्याने म्हटलं, तर त्या मुलाने हुरळून जाऊ नये हे आपल्याला कळतं. पण आपला बरा तोंडावर बरा असतो, त्यात किती पाणी घातलंय ते ऐकताक्षणी समजतं. मराठी शिकणारा परका माणूस कदाचित वेगळं सांगेल, ते सोडा.

खरं तर या शब्दाची सोय मलाही समजायला लागली आहे. हाताखालच्या पोराचं काम यथातथा असतं, आणि ते त्याच्या तोंडावर म्हणवत नाही. 'क्वाइट गुड' लिहून मोकळं होता येतं. त्याला काय समजायचं ते तो समजतो, वर मी चांगलंच म्हटलेलं असतं. याला खोटेपणा म्हणत नाहीत, इथे याला रीत म्हणतात.

तरी चुरस म्हणून मी या शब्दाचं मूळ शोधून काढलं. तो जुन्या फ्रेंचमधून आला, 'सुटलेला, मोकळा' या अर्थाच्या शब्दापासून. 'क्विट' (सोडणं) आणि 'क्वायट' (शांत) हे त्याचेच भाऊबंद. इंग्रजीत चौदाव्या शतकापासून त्याचा अर्थ 'पूर्णपणे, सर्वस्वी' असाच होता. हा 'बऱ्यापैकी'वाला पातळ अर्थ रुळला तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे बघा, आपल्या पुस्तकांतला 'अगदी' हाच जुना, खानदानी अर्थ. पाणी घातलं ते यांनी, आणि चुकतोय म्हणे आपण!

हे सगळं मी लंच-अवरला त्या भुवया उंचावणाऱ्या बाईंना सनावळीसकट ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "क्वाइट."

एवढंच. एकटा वापरला तर या शब्दाचा अर्थ 'अगदी बरोबर' असा होतो. 'झालं का बोलून?' असाही होतो. आणि जोर कशावर होता ते ताडून बघायला त्या वाक्यात दुसरा शब्दच नव्हता.