नागीण उठते, पण जागा होतो दुसराच

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला, हे आपल्याकडे सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. आमच्या आत्याला नागीण झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला हेच सांगून घाबरवून सोडलं. तसं काही नसतं हो. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो व्हायरस शरीरातून जातच नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये गपचूप पडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून तर फोडांचा पट्टा सहसा एकाच बाजूला उठतो. दुखतं मात्र भयंकर, आत्याला परकराची नाडीसुद्धा सहन होत नव्हती.

पण नागिणीचा डोक्याशीही संबंध असू शकतो हे मला तिच्या निमित्ताने वाचताना कळलं.

दुसरा एक व्हायरस आहे, हर्पिस सिम्प्लेक्स, ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात ना, तो. जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात हा असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. रूथ इत्झाकी नावाच्या संशोधक बाईंनी 1991 मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत याचा डीएनए शोधून काढला आणि तेव्हापासून त्या सांगत होत्या की अल्झायमरशी, म्हणजे म्हातारपणी हळूहळू सगळं विसरायला लावणाऱ्या आजाराशी, याचा काहीतरी संबंध आहे, कितीतरी वर्षं फार कोणी मनावर घेतलं नाही.

मग 2022 मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी इत्झाकींसोबत एक भन्नाट प्रयोग केला. रेशमाच्या प्रोटीनचा स्पंज, मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला, जेमतेम सहा मिलिमीटरचा, त्यात मेंदूच्या पेशी वाढवल्या. त्यांना नुसता कांजिण्यांचा व्हायरस दिला तर सूज आली पण अल्झायमरमध्ये दिसतात तशा अमायलॉइड नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या नाही झाल्या. पण ज्या पेशींत हर्पिस आधीपासून झोपलेला होता तिथे कांजिण्यांचा व्हायरस सोडल्यावर हर्पिस खडबडून जागा झाला, आणि मग गुठळ्या, अल्झायमरमध्येच साचणारं टाऊ नावाचं दुसरं प्रोटीन, सगळंच दिसायला लागलं. म्हणजे खरं नुकसान करणारा वेगळाच, याने फक्त सूज आणून त्याला उठवलं. अर्थात हे स्पंजमधलं झालं, माणसाच्या डोक्यात अगदी असंच होतं असं यावरून नाही म्हणता येत.

माणसांमधला पुरावा ब्रिटनमधल्या वेल्समधून आला आणि तो मला जास्त आवडला. तिथे नागिणीची लस सुरू केली तेव्हा 2 सप्टेंबर 1933 ही तारीख कट-ऑफ होती, त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, त्याआधीच्यांना नाही. आठवड्याभराच्या फरकाने जन्मलेल्या माणसांत बाकी काय फरक असणार? तरी सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शियाचं (म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, अल्झायमर त्यातलाच एक) प्रमाण साधारण 20 टक्क्यांनी कमी निघालं, बायकांमध्ये फायदा जास्त. 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात छापून आलंय हे.

मग हर्पिसच्या गोळ्याच का देऊ नयेत, असं मलाही वाटलं होतं. तेही करून बघितलंय, सुरुवातीचा अल्झायमर असलेल्यांना दीड वर्ष व्हॅलासायक्लोव्हिर देऊन, पण काही उपयोग झाला नाही. बहुतेक तोवर उशीर झालेला असतो, असा माझा आपला अंदाज. लस आपल्याकडेही मिळते, पन्नाशीनंतर, दोन डोस, वेल्सवाली नाही, नवीन प्रकारची आणि बरीच महाग. आईबाबांसाठी डॉक्टरांना विचारलंय, बाबा किंमत ऐकून अजून कुरकुरतायत.