चौदाव्या महिन्याची नोंद: डावा पाय ३२ सेकंद

पाळी जाऊन सहा वर्षं झाली, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून चौदा महिने. तेव्हा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती दाट हे सांगणारा आकडा) कण्याचा उणे २.३ आणि खुब्याचा उणे १.९ आला होता. ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, रेघ उणे २.५ ला आहे, म्हणजे कणा तिच्या अगदी जवळ.

या महिन्यात वृक्षासन: उजवा पाय ५० सेकंद, डावा ३२. पहिल्या महिन्यात डावा जेमतेम १२ टिकायचा. ओट्याशेजारी उभी राहते, तोल गेलाच तर हात पोचेल एवढ्या अंतरावर. पूर्वी घोटा थरथरायला लागला की मी बोटं आवळून फरशी धरायचे. आता बोटं सैल सोडते, अंगठ्याच्या मुळाशी आणि टाचेवर सारखा दाब देते. थरथर आधी वाढते, मग चार-पाच श्वासांत बसते. मैत्रिणींनो, या ३२ सेकंदांचं मला स्कोरपेक्षा जास्त अप्रूप आहे. खुबा बहुतेक वेळा पडूनच मोडतो.

जिवावर आलं ते पश्चिमोत्तानासन सोडणं. तीस वर्षं माझं कपाळ गुडघ्याला टेकत आलंय! पण हाडं विरळ झाली की पाठ गोल करून वाकताना मणक्यांच्या पुढच्या बाजूवर दाब येतो. मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात मणके ठिसूळ झालेल्या ५९ बायका होत्या. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे आणखी मणके दबले, पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे. गट लहान होते खरे, पण हे वाचल्यावर माझी हिंमत झाली नाही. आता ओट्यावर हात ठेवून पाठ सरळ ठेवत अर्ध उत्तानासन, आणि पाठ मागे ताणणारं शलभासन रोज तीनदा.

बाकी क्रम हाडांसाठी योगाचा अभ्यास करणारे अमेरिकन डॉक्टर लॉरेन फिशमन यांच्या बारा आसनांचा, प्रत्येक बाजू ३० सेकंद. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात कण्याची घनता वाढलेली दिसली, खुब्याबद्दल तसं ठाम सांगता आलं नाही, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून मी नुसत्या आसनांवर विसंबत नाही. जिने चढते, दोन किलोची डंबेल्स उचलते, डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियम आणि डी-३ च्या गोळ्या चालू आहेत.

पुढची डेक्सा दहा महिन्यांनी, त्याच मशीनवर. मशीन बदललं तर आकड्यांची नीट तुलना होत नाही. तोवर डावा पाय ४५ वर न्यायचाय.