वायरीचं वळण

परवा दुपारी नेट गेलं. फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली आणि पान मात्र उघडेना, म्हणून जाऊन बघितलं तर नेटच्या डबीवर लाल दिवा लुकलुकतोय. त्या दिव्याखाली एलओएस लिहिलेलं असतं, लॉस ऑफ सिग्नल, आमच्या घरात त्याला नुसतं 'लॉस' म्हणतात आणि तेवढं पुरतं.

मग नेहमीचं सगळं झालं. बंद केलं, दहा आकडे मोजले, चालू केलं. वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. फुंकर कशाला ते विचारू नका, कॅसेटपासून गॅसच्या बर्नरपर्यंत मी सगळ्यावर फुंकर मारत आलोय आणि बऱ्याचदा चालू झालंय.

संध्याकाळी फायबरवाला मुलगा आला. वय असेल बावीस-तेवीस, पाठीला सॅक, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, "फुंकर मारली का काका?" मी गप्प. "मारू नका. थुंकी उडते, टोक खराब होतं." मग त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला, वायरीतून उजेड किती येतोय ते मोजणाऱ्या छोट्या मीटरला ती लावली आणि म्हणाला, "मायनस तीस येतंय." मी म्हटलं, कमी आहे का? "लई कमी." किती पाहिजे? "मायनस वीस-बावीस." आता तीसपेक्षा वीस चांगलं हे पटायला मला दोन मिनिटं लागली, गणितात मी तसाही मायनसच होतो.

मग त्याने पेनासारखं काहीतरी काढून वायरीच्या तोंडाला लावलं, लाल लेझर. "लाईट बंद करा जरा." अंधारात टीव्हीच्या मागे, पिवळ्या वायरीवर, एकाच जागी काजव्यासारखं लाल लाल चमकायला लागलं. तिथे माझा झिप टाय होता.

सांगतो. रविवारी मला आवरायची लहर आली होती. टीव्हीच्या मागचं ते वायरींचं जंजाळ बघवत नव्हतं, म्हणून ऑनलाइन शंभर झिप टायचं पाकीट मागवलं आणि एकेक वायर दुमडून अशी करकचून बांधली की बायकोनेसुद्धा येऊन "वा" म्हटलं, जे दुर्मिळ आहे. तेव्हापासून नेट रडतखडत चाललं होतं आणि मी रोज कंपनीला शिव्या देत होतो. परवा टीव्हीचं टेबल भिंतीला जरा सरकवलं आणि गेलंच.

मुलाने कटरने टाय तोडला, वायरीचा ताटलीएवढा सैल वेढा केला. दिवा हिरवा. "काका, ही काचेची वायर आहे, आवळायची नाही. गोल ठेवायचं, मोठं." बस, एवढंच. दहावीला पूर्ण आंतरिक परावर्तन होतं बघा, उजेड काचेच्या भिंतींवर आपटत आपटत पुढे जातो ते, मी मार्कांपुरतं पाठ केलेलं. वळण फार तीव्र झालं की आपटायचा कोन चुकतो आणि उजेड बाहेर सांडतो. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येच्या आत वळवू नये म्हणतात, घरात वापरायच्या नव्या जातीला १० पण चालतं. माझा वळसा त्रिज्या वगैरे नव्हताच, तो चक्क मुरगळा होता.

आणि हे सगळं मला आधी एकदा सांगून झालं होतं, तीस वर्षांपूर्वी, कराडला. आमच्या गल्लीच्या गणपतीत स्पीकर तात्यांचा असायचा. आहुजाचा अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, एक माईक आणि वायरींची भेंडोळी. विसर्जनानंतर आवराआवर चालली होती आणि मी मदत म्हणून माईकची वायर पंजा ते कोपर, पंजा ते कोपर अशी भराभर गुंडाळत होतो, आजी लोकर गुंडाळायची तशी. तात्या लांबूनच ओरडले, "आरं ए, गळा दाबतोस व्हय तिचा?" आणि येऊन हातातून घेतली. मग दाखवलं. एक वेढा सुलटा, पुढचा मनगट फिरवून उलटा, परत सुलटा. "वायरीला बी वळण असतंय. जशी घडी घालशील तशी ती वागती." आणि ते वेटोळं धरून त्यांनी रिकाम्या मंडपात भिरकावलं, आख्खी वायर सरळ, एक पीळ नाही एक गाठ नाही, पार गल्लीच्या टोकापर्यंत. मला त्या वयात मिरवणुकीपेक्षा ते भारी वाटलं होतं.

पुढे हॉस्टेलला लॅनच्या, म्हणजे कॉम्प्युटर जोडायच्या, वायरी क्रिम्प करायला, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवायला शिकलो तेव्हा वाटायचं आपल्याला वायरींतलं कळतं. आतल्या आठ तारांचा क्रम ठरलेला, व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्ल्यू, व्हाइट-ब्ल्यू, ग्रीन, व्हाइट-ब्राऊन, ब्राऊन. हे अजून झोपेतून उठवून विचारा, सांगेन, तेराचा पाढा मात्र येत नाही. त्या हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का घुसते याचा तेव्हा फार राग यायचा, नंतर कुणीतरी सांगितलं की ती जुन्या टेलिफोनच्या मांडणीतून आलीय, मग राग गेला. आणि त्या कनेक्टरची प्लास्टिकची जीभ! ती मोडली की वायर आत बसते पण धरून राहत नाही, मग काडेपेटीची काडी खोचायची. जगातली सगळी अक्कल त्या वायरीत घालून शेवटी सगळं त्या नखाएवढ्या जिभेवर ठेवणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

असो. मुलगा गेल्यावर मी बाकीच्या वायरींचे टायही कापले. तात्यांसारखं गुंडाळून बघितलं, सुलटा, उलटा, सुलटा, आणि चौथ्या वेढ्याला मनगट कुठे फिरवायचं तेच विसरलो. वायर हातात नागमोडी होऊन बसली. बायको म्हणाली हे मागे असंच लोंबत राहणार का, मी म्हटलं हो, तिला मोकळं लागतं. कुणाला, म्हणाली.

टाय एकूण तेरा वापरले होते. उरलेल्या सत्त्याऐंशींचं पाकीट वायरींच्या पिशवीत टाकलंय, बारीक पिनच्या चार्जरशेजारी.