ट्रॉम्सोत आज सूर्य आला!

नोव्हेंबरच्या शेवटी गेलेला सूर्य आज 21 जानेवारीला परत दिसला आणि खरं सांगते, डोळ्यात पाणीच आलं. नॉर्वेतलं हे गाव 69 अंश उत्तरेच्याही वर, त्यामुळे इथे दोन महिने दुपारी थोडा वेळ निळसर उजेड आणि मग परत अंधार. तसा तो 15 तारखेच्या आसपासच क्षितिजावर येतो, पण दक्षिणेला डोंगर आडवे आहेत ना, मग गावात दिसायला आजचा दिवस उजाडावा लागतो. बेकऱ्यांमध्ये आज सूलबोले, म्हणजे आत जॅम असलेले गोल डोनट, आणि ते घ्यायला ही लाईन!

आम्ही दोघांनी हाफ डे टाकला, बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवले (त्याशिवाय या बर्फावर चालूच नका) आणि गाव ज्या बेटावर आहे त्याच्या दक्षिण टोकाला, तेलेग्राफबुक्टाच्या किनाऱ्यावर गेलो. नवऱ्याने शेकोटी पेटवली, मी थर्मासमधला आल्याचा चहा ओतला, सासूबाईंनी संक्रांतीला पाठवलेले तीळगुळाचे लाडू थंडीने इतके कडक झालेले की तो एकेक लाडू शेकोटीजवळ धरून मऊ करून देत होता, "थांब गं, दात पडतील." तेवढ्यात डोंगराच्या खाचेतून केशरी कड वर आली, बाजूच्या आजींनी टाळ्या वाजवल्या, आम्हीपण. काही मिनिटंच होता, पण गालावर ऊन पडलं हो!

आता रोज उजेड वाढत जाणार. रविवारी स्की घेऊन बाहेर पडतोय. कोणाला यायचं असेल तर मार्चमध्ये या, बर्फपण असतो आणि ऊनपण.