मनोहारीदांचा सॅक्सोफोन

'है दुनिया उसी की' लावा आणि रफीसाहेब गायला लागायच्या आधी जे वाजतं ना, ते जरा नीट ऐका. अजून एक शब्दही आलेला नसतो, तरी समोर कुणीतरी प्यायलेला, मनातून पार मोडलेला माणूस बसलाय आणि त्याला काहीतरी सांगायचंय हे आपल्याला कळलेलं असतं. 1964 चा 'काश्मीर की कली', संगीत ओ. पी. नय्यर, पडद्यावर शम्मी कपूर, एवढं बहुतेकांना तोंडपाठ असतं. सॅक्सोफोन कुणाचा म्हणून विचारलं तर मात्र शंभरातले नव्वद जण गप्प. तो मनोहारी सिंग यांचा.

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवलं, गणपतीत, कोजागिरीला, लग्नांत, सगळीकडे, आणि तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात आली की गायक एखादा शब्द विसरला तर लोक चालवून घेतात पण सॅक्सचा पीस चुकला की मंडपातल्या शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा मान वर करून बघतो, कारण 'गाता रहे मेरा दिल' किंवा 'बेदर्दी बालमा' त्यांच्या डोक्यात त्या पीससकटच बसलेलं असतं. त्यामुळे आमच्यातल्या प्रत्येक सॅक्सवाल्याला मनोहारीदा स्वरन् स्वर पाठ करावेच लागायचे. आणि 'तुझा टोन मनोहारीदांसारखा लागला आज' याच्यापुढे दुसरं कौतुक नव्हतं, तेवढ्यावर माणूस आठवडाभर खूश असायचा.

मनोहारीदांचा जन्म 1931 चा, कलकत्त्यातला, कुटुंब मूळचं नेपाळी. घरात ब्रास बँडच होता म्हणा ना, वडील आणि काका दोघंही वाजवणारे. बाटानगरला बाटा कंपनीचा स्वतःचा बँड होता, तिथे हे पोरवयातच लागले आणि जोसेफ न्यूमन नावाच्या हंगेरियन कंडक्टरच्या हाताखाली तयार झाले. आधी फ्लूट, पिकोलो, क्लॅरिनेट, सॅक्स त्यानंतर. मग एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा वाद्यवृंद, रात्री कलकत्त्याच्या फिर्पोसारख्या हॉटेलात डान्स म्युझिक. सलील चौधरींनी सुचवलं आणि 1958 ला मुंबईत आले, सचिनदेव बर्मनांच्या 'सितारों से आगे'मध्ये वाजवलं आणि पुढची पन्नासेक वर्षं मुंबईचेच होऊन राहिले.

त्या काळात मुंबईच्या स्टुडिओत फुंकीच्या वाद्यांवर जास्त करून गोव्याची मंडळी, चर्चच्या शाळांमध्ये लहानपणापासून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकून आलेली, एकापेक्षा एक तयार. कागद समोर ठेवला की पहिल्या फटक्यात वाजवणारे लोक होते ते. अशा ठिकाणी नुसतं सफाईदार वाजवून नाव होत नाही. मनोहारीदा कागदावरचं तर वाजवायचेच पण त्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, आणायचे, आणि सॅक्सवर मींड म्हणजे काय ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. बासरीवर बोट हळूहळू सरकवता येतं, सॅक्सला चाव्या, चावी एकतर उघडी नाहीतर बंद, मधलं काही सहजासहजी मिळत नाही. ते मधलं सगळं ओठांच्या पकडीवर, जबडा किती सैल सोडला त्यावर आणि फुंकेवर काढायचं, आणि तेवढं करून सूर ढळू द्यायचा नाही. 'बेदर्दी बालमा'मध्ये लताबाईंच्या ओळी संपतात आणि सॅक्स येतो तेव्हा वाद्य बदललं असं वाटतच नाही, तेच रडणं पुढे चालू राहतं. 'आरजू', 1965, शंकर जयकिशन. माझ्या मते आपल्या सिनेमासंगीतात याच्यापेक्षा सुंदर सॅक्स वाजलेला नाही, 'रूप तेरा मस्ताना' धरूनसुद्धा.

आणि हे सगळं कुठल्या परिस्थितीत, तर गायक, तबला, व्हायोलिनं, कोरस सगळे एकाच वेळी वाजवतायत, माइक मोजके, कुणाचीही एक चूक झाली की पूर्ण टेक पुन्हा पहिल्यापासून. आज एक ओळ वेगळी घेऊन कॉम्प्युटरवर जोडता येते, तेव्हा पन्नास साठ लोकांची मेहनत तुमच्या चार मात्रांच्या पीसवर टांगलेली असायची. अशा वेळी शेजारी भरवशाचा माणूस बसलेला असणं म्हणजे काय हे वादकालाच कळतं.

पंचम, म्हणजे राहुलदेव बर्मन, यांच्याबरोबर तर ते नुसते वादक नव्हतेच. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर, हे तिघं म्हणजे पंचमची घरची टीम, अरेंजिंग, रिहर्सल, ताल सगळं यांच्या हातून जायचं. बासू-मनोहारी या नावाने दोघांनी 'सबसे बड़ा रुपैया'ला (1976) संगीतही दिलं. पण त्या नावाचा मोठा गाजावाजा कधी झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सत्तरी ओलांडल्यावरही ते स्टेजवर उभे राहून वाजवायचे. पंचमच्या गाण्यांचे कार्यक्रम वाढले तसे हे जुने वादक पडद्यामागून लोकांसमोर आले आणि निवेदक नाव घेऊन सांगायला लागले की मूळ रेकॉर्डवरचा पीस वाजवणारा माणूस हाच, मग ज्या टाळ्या पडायच्या त्या चाळीस वर्षं उशिरा पडलेल्या टाळ्या होत्या. 13 जुलै 2010 ला मुंबईत ते गेले. आम्हा वाजवणाऱ्यांमध्ये त्या दिवशी नुसते फोनवर फोन, कुणाला फार बोलता येत नव्हतं.

गाण्यांच्या अ‍ॅपवर आजही गायक, संगीतकार, गीतकार एवढंच दिसतं. म्हणून मी माझी एक वही केलीय. 'रूप तेरा मस्ताना', 1969, सॅक्स मनोहारी सिंग, अ‍ॅकॉर्डियन केर्सी लॉर्ड. 'गाता रहे मेरा दिल', 1965, सॅक्स मनोहारी सिंग. बरीच पानं अजून अर्धवट आहेत, कुठे तबला कोण ते राहिलंय, कुठे गिटार, आणि त्या रेकॉर्डिंगला स्वतः बसलेले जे थोडे लोक अजून आपल्यात आहेत त्यांच्याकडे जाऊन ती नावं लिहून घ्यायचं काम सध्या चालू आहे.